टांगलेलं अंथरूण



झोपण्याच्या सामानासाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत. खाली घालायचं ते अंथरूण आणि अंगावर घ्यायचं ते पांघरूण. हे शब्द मी लहानपणापासून वापरतो आहे. पण त्यांतला फरक खऱ्या अर्थानं कळला तो पन्नाशी उलटल्यावर, पाचनई गावात, डिसेंबरातल्या एका रात्री.

पाचनई हे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं गाव. कॉलेजात असल्यापासून मी सह्याद्रीत भटकतो. पण पन्नाशीत कमरेनं कुरकुर सुरू केली. कठीण जमिनीवर रात्र काढली, की सकाळी ताठ उभं राहायला अर्धा तास लागायचा. गड चढता येत होता, पण झोपता येत नव्हतं. आता भटकंती थांबवावी लागणार, असं मनाशी ठरवतच होतो. तेवढ्यात एका तरुण सोबत्यानं झोळीचा उपाय सुचवला. दोन झाडांना रुंद पट्ट्यांनी बांधायची नायलॉनची झोळी, म्हणजे हॅमॉक. तिच्यात किंचित तिरकं झोपलं, की पाठ बरीच सपाट राहते. सगळ्यांना मानवेल असं नाही, पण माझ्या कमरेला ती मानवली.

पाचनईत एका घराच्या परसात मी झोळी बांधली. आत चांगली महागाची स्लीपिंग बॅग. रात्री दोनच्या सुमारास जाग आली. छाती-पोट उबदार, पण पाठ आणि मांड्या गारठलेल्या. घोंगडी पाठीखाली सारली, तर कूस बदलताच ती सरकली. दातावर दात आपटू लागले, तेव्हा उठलो आणि उरलेली रात्र घरधन्याच्या चुलीपाशी बसून काढली.

घरी येऊन आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "अरे, पांघरूण घेऊन गेलास, पण अंथरूण कुठं नेलंस? तुला झोळीत घालायचे तेव्हा खाली गोधडीची घडी ठेवत होते मी."

आईचं बरोबर होतं. कापूस काय, पिसं काय, स्वतः ऊब निर्माण करत नाहीत. त्यांच्या फुगीरपणात अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. थंडीत चिमणी पिसं फुगवून बसते ती याचसाठी. आता झोळीत काय होतं? अंगाखालची बॅग वजनानं चपटी होते आणि तिच्यातली हवा निघून जाते. वर झोळीच्या खालून वारा वाहतो, तो पाठीची उरलीसुरली ऊब नेतो. बाळाचं वजन ते किती! माझ्या सत्तर किलोंखाली गोधडीसुद्धा चपटी होणार.

मुळात ही झोळी उष्ण प्रदेशातली. 'हॅमॉक' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांच्या भाषेतून आला. १४९२ साली कोलंबस तिथं पोहोचला, तेव्हा त्यानं त्या लोकांच्या झोळ्या पाहिल्या. तिथं खालून लागणारा वारा हवाहवासाच असणार. आपण तीच झोळी डिसेंबरात डोंगरात नेतो, तिथं गफलत होते.

उपाय असा: अंथरूण झोळीच्या आत घालायचं नाही, बाहेरून खाली टांगायचं. तिथं त्याच्यावर वजन येत नाही आणि ते फुगलेलं राहतं.

माझं पहिलं अंथरूण फसलं. वारा अडावा म्हणून बाहेरून प्लॅस्टिक लावलं होतं. अंगातून रात्रभर बाफ निघत असते. ती प्लॅस्टिकवर गार होऊन पाणी झाली आणि सकाळी भरण ओलं. शिवाय गोधडीसारखे दाट आरपार टाके घातले होते. जिथं टाका, तिथं भरण दबलं आणि तिथूनच गारवा आत.

दुसऱ्या खेपेला विचार करून बेतलं. दोन्ही बाजूंना हलकं, दाट विणीचं, पण बाफ जाऊ देणारं नायलॉनचं कापड. मध्ये चादरीसारखं मिळणारं पॉलिएस्टरचं भरण, दोन थर. कापूस घेतला नाही. तो ओल धरतो आणि लवकर वाळत नाही. लांबी साडेचार फूट, म्हणजे खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. पावलांखाली झोळीत फोमचा तुकडा पुरतो. झोळीकडच्या कापडाची रुंदी चार फूट, पण बाहेरचं कापड सहा इंच जास्त रुंद. कारण झोळीखाली अंथरुणाला बाक येतो आणि बाहेरची बाजू जास्त लांब लागते. ती आखूड पडली तर भरण आवळलं जातं. टाके फक्त कडांना.

चारही कडांना नेफा. लांब कडांच्या नेफ्यातून इलॅस्टिकची दोरी ओवून ती झोळीच्या दोन्ही टोकांना बांधायची. आखूड कडांच्या नेफ्यात नाडी. ती ओढली की खांदे आणि गुडघे यांच्यापाशी तोंड मिटतं आणि वारा आत शिरत नाही. नेफे आईनं हातानं शिवले. तिला सुईत दोरा ओवून देणं एवढं माझं काम.

खरी मेख पुढं आहे. अंथरूण सैल टांगलं तर मधल्या फटीत वारा खेळतो. फार ताणलं तर ते पाठीवर दबतं आणि पुन्हा चपटं होतं. आपण झोळीत झोपावं आणि दुसऱ्यानं खालून हात लावून पाहावं. अंथरूण पाठीला नुसतं टेकलेलं हवं, भार झोळीनंच पेलायला हवा. ही परीक्षा घरीच करावी. मी आमच्या गच्चीवर भक्कम कड्यांना झोळी बांधून थंडीच्या तीन रात्री झोपलो. दोरी कुठं सोडायची, कुठं ओढायची, ते तिथंच उमगलं.

पुढच्या जानेवारीत पुन्हा पाचनईला गेलो. तेच परस, तीच झाडं. मध्यरात्री एकदा जाग आली. सवयीनं पाठीखाली हात घातला, तर तिथं ऊब होती. पहाटे कोंबडा आरवला तेव्हा उठलो, पाठ ताठ केली आणि चहा घेऊन गडाकडे निघालो.

परत आल्यावर आईनं विचारलं, "झोप लागली का रे?" मी म्हटलं, "लागली. या वेळी अंथरूण नेलं होतं."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)