दंतवैद्याचे भय


दाढ ठणकू लागली की आपण लवंगेच्या तेलाचा बोळा धरतो. दंतवैद्याकडे मात्र जात नाही. हे भय आपल्या पणजोबांच्या काळी यथार्थ होते. तेव्हा जागा बधिर न करताच दात उपटीत. १९०५ साली जर्मनीत नोव्होकेन आले, १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिग्नोकेन तयार झाले. भयाचे मूळ कारण संपले. भय तेवढे उरले.

परंतु पू धरल्यावर हे औषध नीट लागू पडत नाही. म्हणजे भयापोटी केलेला विलंबच वेदना ओढवून आणतो. म्हणून दुखण्यापूर्वीच जावे. भीती डॉक्टरांस मोकळेपणी सांगावी. हात वर करताच त्यांनी थांबावे, असे आधी ठरवून घ्यावे. आणि मुलांस दंतवैद्याचा धाक कोणीही घालू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.