कोपऱ्यात कोणाला उभे करायचे?



भात झोडून झाले, पेंढा रचून झाला, दिवाळी मागे पडली, की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवाडीतून कबड्डीची मैदाने तयार होऊ लागतात. मंडणगडापासून राजापुरापर्यंत कुठे ना कुठे रात्रीचे दिवे लागलेले असतात, ध्वनिक्षेपक ओरडत असतो आणि चाकरमानी शिमग्याला घरी आले म्हणजे तर मैदानाच्या कडेला उभे राहायला जागा मिळत नाही. हे सगळे आपल्याला ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते सामन्याच्या दुसऱ्या दिवसाविषयी. त्यातही आपला संघ हरला असेल त्या दुसऱ्या दिवसाविषयी.

एकदा हरला तर माणसे म्हणतात, चालायचेच. दोनदा हरला की पंचांवर जाते. आणि तिसऱ्यांदा पहिल्याच फेरीत बाहेर पडला, की एसटीच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर, देवळाच्या पायरीवर नव्या संघाची निवड सुरू होते. "त्या पोराला आधी कोपऱ्यातून काढा हो!" "मग उभा कोणाला करशील? तुझ्या भाच्याला?" "सेंटरला उंच पोरगा पायजे." "चढाईला दुसरा कोण तरी पाठवा, ह्याचे पाय आता चालत नाहीत." मुलांना शिकवणारे गुरुजी तिथेच बाजूला उभे असतात, ते काही बोलत नाहीत. बोलले तर त्यांनाच विचारतात, "गुरुजी, तुम्ही कधी चढाई केलीत?"

ही चर्चा मला वाया गेलेली वाटत नाही. पंचवीस वर्षे मैदानाच्या कडेला उभा राहिलेला म्हातारा पुष्कळ पाहतो. पण तो काय पाहतो आणि काय पाहायचे राहून जाते, हे थोडे तपासायला हवे, कारण या चर्चेतून खरोखरच एखाद्या पोराची जागा जाते.

आता असे पहा. संघ बारा जणांचा, मैदानात सात. डावीकडून धरले तर डावा कोपरा, त्याच्या शेजारी डावी इन, मग डावा कव्हर, मधला सेंटर, आणि तसेच पुढे उजवा कव्हर, उजवी इन, उजवा कोपरा. ही सात नावे आहेत, पण कामे सातही निराळी. कोपऱ्यातल्या गड्याचे निम्मे काम थांबण्याचे असते. चढाई करणारा बोनस रेषेकडे पाय टाकतो, हुलकावणी देतो, परत फिरतो. कोपरा हलत नाही. पाय खरोखर आत आला आणि अंगाचा भार त्यावर पडला, की मगच घोट्यावर झेप. कव्हरचे काम याच्या उलट. तो मागून किंवा बाजूने येऊन धडक देतो, परतीची वाट अडवतो, आणि तीही कोपऱ्याने हात घातल्यावर लगेच. म्हणून उत्तम कव्हरला उद्या कोपऱ्यात उभा केला, तर तो बहुधा घाई करतो. त्याचे मन धावून जायला शिकलेले असते. यात त्याचा दोष नाही, ताकदीचा तर मुळीच नाही. सवय बदलायला दिवस लागतात आणि आपण त्याला एक रात्र देतो.

चढाईचेही तसेच. आपले तिन्ही चढाई करणारे गडी आपल्या डाव्या अंगानेच आत शिरत असतील, तर समोरच्या उजव्या कोपऱ्याला सारा सामना एकच धडा गिरवायला मिळतो. मग "ह्याला काढा, त्याला पाठवा" असे करून काय होणार? दुसराही त्याच वाटेने जाणार. तिथे माणूस बदलण्याआधी बाजू बदलावी लागते.

जागा बदलण्याची ही चर्चा काही आपल्या वाडीतच होते असे नाही. क्रिकेटमध्ये तर देशभर होते. १९८३ साली आपण विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षाच्या शेवटी वेस्ट इंडिजचा संघ आपल्याकडे येऊन कसोटी मालिकेत आपल्याला ३-० असा हरवून गेला. कोलकात्याच्या कसोटीत सुनील गावसकर सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर माल्कम मार्शलला बाद झाले. पुढची कसोटी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला. तिथे गावसकर सलामीला न जाता चौथ्या क्रमांकावर खेळणार असे ठरले. नवा चेंडू जुना होईल, मग ते येतील, असा हिशेब. झाले काय? धावफलकावर एकही धाव नसताना दोन गडी बाद! चौथा क्रमांक कागदावर, प्रत्यक्षात सलामीच. त्या डावात गावसकर २३६ धावा करून नाबाद राहिले आणि त्यांचे तिसावे कसोटी शतक झाले. म्हणजे जागा बदलण्याचा हेतू साधलाच नाही, आणि धावा मात्र झाल्या. 'क्रमांक बदलला म्हणून यश आले' असे त्या डावावरून कोणी म्हणू लागला, तर त्याला थांबवायला हवे.

आता दुसरा दाखला घ्या. मार्च २००१. ऑस्ट्रेलियाने मुंबईची कसोटी तीन दिवसांत, दहा गडी राखून जिंकली होती. तो त्यांचा सलग सोळावा विजय. कोलकात्याला त्यांच्या ४४५ धावांना उत्तर देताना आपण १७१ धावांत आटोपलो आणि फॉलोऑन आला. पण त्या पडझडीत सहाव्या क्रमांकावर आलेल्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांनी ५९ धावा केल्या होत्या आणि चेंडू त्यांच्या बॅटीच्या मध्यावर येत होता. म्हणून दुसऱ्या डावात त्यांना तिसऱ्या क्रमांकावर पाठवले आणि तिसऱ्यावर नेहमी येणारे राहुल द्रविड सहाव्यावर गेले. लक्ष्मण २८१, द्रविड १८०, दोघांची भागीदारी ३७६. चौथ्या दिवशी दिवसभर एकही गडी पडला नाही. सामना आपण १७१ धावांनी जिंकला. हा बदल डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीवरून केलेला होता, कोणाच्या रागावरून नव्हे.

लक्ष्मणांची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यात द्रविड जास्त दिसतात. वर गेलेल्या माणसाला कौतुक मिळते; खाली ढकललेल्याला काय वाटले असेल? गावात आपण हेच विसरतो. कोपऱ्यात नवा पोरगा आला म्हणजे जुना कुठे तरी गेला. तो कुठे गेला, त्याला कोणी काय सांगितले, का कोणीच काही सांगितले नाही?

पुन्हा कबड्डीकडे येऊ. क्रिकेट आणि कबड्डी यांत एक मोठा फरक आहे आणि पारावरच्या चर्चेत तोच हटकून निसटतो. क्रिकेटचा क्षेत्ररक्षक झेल सोडला म्हणून मैदानाबाहेर जात नाही. कबड्डीचा गडी बाद झाला की बाहेर जाऊन बसतो आणि आपल्या संघाने गडी बाद केला की बाहेर बसलेल्यांतला एक परत येतो. तोही ज्या क्रमाने गेला त्याच क्रमाने. बोनसच्या गुणावर कोणी उठत नाही. म्हणजे आपण पारावर बसून ज्या सात जागांची वाटणी करतो, ते सातही जण एका वेळी मैदानात असण्याचा काळ हरणाऱ्या संघाच्या वाट्याला फारच थोडा येतो. पाच उरतात, चार उरतात, तीन उरतात. तेव्हा कोपऱ्यात कोण असतो? जो उरला तो. कधी सेंटरचा, कधी इनचा, कधी नुकताच आत आलेला चढाईचा गडी.

म्हणून माझी शिक्षकांना एक विनंती आहे. पुढच्या सामन्याला एका मुलीला किंवा मुलाला वही-पेन्सिल देऊन बसवा. आठवीतल्या मुलाला जमेल असे काम आहे. आपला प्रत्येक गुण गेला की तीन गोष्टी लिहायच्या: त्या वेळी आपले किती गडी मैदानात होते, गुण कशाने गेला, आणि कोणत्या बाजूला, कोणाकडून गेला. बस्स.

समजा, आपण ३४ गुण गमावले. वही पाहिली तर तीन लोणांचे सहा, बोनसचे सात. राहिले एकवीस. त्यांतले निम्म्याहून जास्त आपले चार किंवा त्याहून कमी गडी उभे असताना गेलेले. आणि ज्या डाव्या कोपऱ्यावर सारा गाव तुटून पडला, त्या पोराकडून गेले मोजून दोन! बाकीच्या वेळी तो बिचारा बाहेर बसून होता आणि त्याच्या कोपऱ्यात दुसराच कोणी मार खात होता. लांबून, दिव्यांच्या झगमगाटात, पाहणाऱ्याला 'कोपरा फुटला' एवढेच दिसते. अशी वही पाहिल्यावर चर्चा बदलते. "ह्याला काढा" याच्याऐवजी "चार उरल्यावर आपण काय करतो?" असा प्रश्न येतो. बोनस फार जात असतील तर कोपरे फार मागे उभे राहतात का, तेही पाहता येते.

आता थोडे अप्रिय बोलतो. आपल्या गावच्या संघाची निवड नेहमी खेळावरूनच होते असे नाही. तीन वाड्यांचा मिळून एक संघ असला की प्रत्येक वाडीला सातांत आपला पोरगा हवा असतो. भावकी आड येते. वर्गणी जास्त देणाऱ्याचा शब्द जड पडतो. आणि शिमग्याच्या मोठ्या सामन्याला मुंबईहून दोन तगडे गडी आले, की चार महिने रोज संध्याकाळी मैदानावर येणाऱ्या दोघांना राखीव बाकावर बसावे लागते. मुंबईकर आपलेच आहेत, त्यांनी खेळावे. पण ते सरावाला नव्हते, शेजारचा कव्हर केव्हा धावतो हे त्यांना ठाऊक नसते. कोपरा आणि कव्हर यांची जोडी ही बैलजोडीसारखी. दोन चांगले बैल एका जुवाला बांधले म्हणजे नांगरट सरळ होतेच असे नाही, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे!

आणि तो बाकावर बसवलेला, किंवा तीन सामन्यांत तीन जागी फिरवलेला नववी-दहावीतला पोरगा पुढच्या आठवड्यापासून मैदानावर येईनासा होतो. हे मी अनेकदा पाहिले आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, बँका कबड्डीचे संघ बाळगतात. तिथपर्यंत पोचणारे थोडेच, हे खरे. पण जो सोळाव्या वर्षीच रुसून घरी बसला, त्याला ती वाटही दिसत नाही. त्याला काढायचे असेल तर कप्तानाने किंवा गुरुजींनी आधी, एकट्याला बाजूला घेऊन सांगावे, की बाबा, अमुक कारणाने तुला या सामन्यात खाली बसवतो आहोत, आणि अमुक गोष्ट तयार करून ये. ध्वनिक्षेपकावरून नाव ऐकून त्याला कळता कामा नये.

प्रो कबड्डीचे सामने आता घरोघर पाहिले जातात. त्यातल्या पुणेरी पलटणचा प्रवास आठवा. २०१४ आणि २०१५ ही पहिली दोन्ही वर्षे तो संघ तळाला राहिला. मार्च २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून तोच विजेता झाला. मधल्या काळात माणसे बदलली, शिकवणारे बदलले. एका कारणाने झाले असे कोणी म्हणू नये. पण त्या विजेत्या संघाची एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. कप्तान अस्लम इनामदार, आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातला, आणि मोहित गोयत हे दोघे चढाईचे गडी. पण पकडीलाही ते तितकेच तयार. मोहम्मदरेझा शादलू हा इराणचा गडी पकडीसाठी नावाजलेला, तोही चढाईला जाई. गडी कमी उरले तरी उरलेल्यांना निदान दोन कामे येत होती.

आपल्या वाडीच्या संघाला इराणचा गडी परवडायचा नाही, पण दुसरी जागा शिकवायला पैसे पडत नाहीत. आठवड्यातली एक संध्याकाळ यासाठी ठेवा. मैदानात तीनच गडी उभे करा. समोरून एकामागून एक दहा चढाया येऊ द्या. तीन किंवा कमी गड्यांनी पकड केली तर एक गुण जादा मिळतो, हे पोरांना पक्के ठाऊक असू द्या, म्हणजे तिघे उरल्यावर ती पोरे सैरभैर होणार नाहीत. दहा चढाया झाल्या की तिघांच्या जागा बदला आणि पुन्हा दहा. सेंटरच्या पोराला कोपरा दाखवा, चढाईच्या पोराला कव्हर. वहीवाल्या मुलीला तेव्हाही बसवा. आणि पारावरच्या मंडळींना त्या संध्याकाळी मुद्दाम बोलवा. ज्यांना वाटते की अमक्याला कोपऱ्यात उभा करावा, त्यांनी त्याला तिथे उभा करून पाहावा, सामन्याच्या आधी पंधरा दिवस.