पूर्ण वेग न घेणारी करवत

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला कीं ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत एक दृश्य हटकून दिसतें. एखादा गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष रस्त्यावर आडवा होतो, वाहनें खोळंबतात, आणि अग्निशामक दलाचे जवान साखळीची करवत, म्हणजे आपण जिला चेनसॉ म्हणतों ती, घेऊन येतात. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलें तेव्हांहि ठाणें जिल्ह्यांत झाडें कोसळलीं होतीं. अशा वेळीं, ज्यांची बदलापूर-मुरबाडकडे वाडी आहे किंवा ज्यांच्या सोसायटीच्या आवारांत जुनीं झाडें आहेत, त्यांना वाटतें कीं आपल्याजवळहि एक करवत असावी. नवी महाग, म्हणून जुनी घेतली जाते. आणि मग एक तक्रार ऐकूं येते: "सुरू होते, मंद गतीला चांगली चालते, पण रेस घेत नाहीं. लांकडाला लावली कीं घुसमटते." आज या एकाच तक्रारीचा विचार करूं.

हा विचार केवळ पैशांसाठीं करावयाचा नाहीं. पडलेल्या झाडाच्या फांद्या ताणलेल्या धनुष्यासारख्या असतात. पूर्ण वेगानें फिरणारी साखळी लांकूड सहज कापीत जाते. वेग पडला कीं दांत अडकतात, माणूस करवतीवर अंगाचा भार टाकूं लागतो, आणि अर्धवट कापलेली फांदी नेमकी त्याच क्षणीं सुटते. म्हणून वेग न घेणारी करवत ही नुसती नादुरुस्त वस्तु नव्हे. ती धोक्याची वस्तु आहे.

जर्मनींतील श्टुटगार्ट येथें आंद्रेआस श्टिल यांनीं १९२६ सालीं विजेवर चालणारी आणि १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. त्या दोन माणसांनीं मिळून पेलाव्या लागत. आजची करवत एकट्यानें धरतां येते, याचें रहस्य तिच्या वेगांत आहे. इंजिन पुष्कळदां जुन्या स्कूटरच्या इंजिनाच्या एक-तृतीयांशच असतें. परंतु भार नसतां तें मिनिटाला सुमारें १२,००० ते १४,००० फेरे घेतें. मंद गतीला हे फेरे तीन हजारांच्या आंतबाहेर असतात. लहान इंजिनाची शक्ति या वेगांतूनच येते. वेग गेला कीं शक्ति गेली.

बजाज स्कूटरच्या काळीं पेट्रोल पंपावर टू-टी ऑइल मिसळून घेण्याची रीत अनेकांस आठवत असेल. करवतीचें इंजिन त्याच जातीचें, म्हणजे टू-स्ट्रोक. त्याला वंगण मिळतें तें पेट्रोलांतून आणि केवळ पेट्रोलांतूनच. ही गोष्ट ध्यानांत ठेवली कीं पुढचें सारें समजणें सोपें जातें. कार्बोरेटरवर वेगाचें मिश्रण कमीजास्त करणारा एक स्क्रू असतो. त्यावर बहुधा एच् हें अक्षर असतें. रेस मिळेना कीं प्रथम याच स्क्रूला पेचकस लावण्याचा मोह होतो. तो पिळून पेट्रोल कमी केलें कीं पुष्कळदां वेग लगेच वाढतो, आवाज खणखणीत होतो आणि मालक संतुष्ट होतो. पण पेट्रोलाबरोबर तेलहि कमी झालेलें असतें आणि उष्णता वाढलेली असते. अशी करवत थोडा वेळ फार सुंदर चालते, आणि मग पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. तेव्हां स्क्रू हा पहिला उपाय नव्हे, शेवटचा होय.

आरंभ करावा तो इंजिन बंद ठेवून. प्लगची टोपी काढावी, ब्रेक मोकळा करावा, आणि जाड हातमोजा घालून साखळी पट्टीवरून हातानें ओढून पाहावी. ती जड फिरत असेल तर दोष इंजिनांत नाहीं. साखळी अति ताणलेली आहे, पट्टीला तेल पोंचत नाहीं, किंवा ब्रेक घासतो आहे. साखळीचे दांत बोथट असले तरीहि करवत लांकडांत घुसमटते. भुशाचे लांबट तुकडे न पडतां बारीक पीठ पडत असेल तर कानस घ्यावी, पेचकस नव्हे.

त्यानंतर पेट्रोल. जुन्या करवतीबरोबर मागच्या मालकाचें पेट्रोलहि पुष्कळदां टाकींत येतें. तें काढून टाकावें. आपल्याकडे २०२२ च्या जूनपर्यंत पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण १० टक्क्यांवर आलें आणि २०२३ पासून २० टक्क्यांचें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें. अनेक करवतींच्या माहितीपुस्तकांत मात्र १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली आढळते. इथेनॉल हवेंतील पाणी ओढून घेतो, आणि कोंकणपट्टीच्या पावसाळी हवेंत पाण्याला काय तोटा? पाणी वाढलें कीं तें इथेनॉलासह तळाशीं बसतें. टाकींतला फिल्टरहि तळाशींच लोंबत असतो. म्हणून इंजिन प्रथम तेंच पितें. जुनी रबरी नळी आणि कार्बोरेटरचा पडदा यांनाहि इथेनॉल मानवत नाहीं. शिवाय इथेनॉलांत प्राणवायु असल्यानें त्याच मापाचें मिश्रण थोडें अधिक विरळ ठरतें. तेव्हां ताजें पेट्रोल, माहितीपुस्तकांत सांगितलेल्या मापाचें तेल (पन्नासास एक असें असेल तर लिटरला २० मिलिलिटर), आणि नवा फिल्टर एवढें करून पाहावें. काम संपलें कीं टाकी रिकामी करून ठेवावी.

करवत कांहीं मिनिटें नीट चालून मग मंदावत असेल, आणि इंजिन बंद करून निवाल्यावर टाकीचें झांकण सैल करतां हवा आंत ओढली गेल्याचा आवाज येऊन ती पुन्हां नीट चालूं लागत असेल, तर टाकीचें हवेचें छिद्र बुजलें आहे असें समजावें.

मग यंत्राचा श्वास तपासावा. एअर फिल्टर भुशानें भरला असेल तर साबणाच्या कोमट पाण्यानें धुऊन पुरता वाळवावा. सायलेन्सरच्या तोंडाशीं एक बारीक जाळी असते. जास्त किंवा हलक्या तेलाच्या काजळीनें ती भरून जाते. श्वास आंत घेतां येईना किंवा बाहेर सोडतां येईना, दोन्हींचा परिणाम एकच. आणि येथेंच स्क्रूचें खरें अनिष्ट दिसून येतें. फिल्टर तुंबलेला असतां स्क्रू पिळून वेग मिळविला, आणि आठ दिवसांनीं कोणी फिल्टर स्वच्छ केला, तर हवा वाढते, पेट्रोल कमीच राहतें, आणि त्या स्वच्छतेच्या दिवशींच इंजिन जळतें.

प्लग हा उत्तम साक्षीदार. त्याचें टोंक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक. काळें व ओलें असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरकें असेल तर पेट्रोल कमी, आणि अशा वेळीं करवत चालवूं नये. सायलेन्सर काढला कीं त्या भोकांतून पिस्टन दिसतो. त्यावर उभे ओरखडे असतील तर करवत एकदां जळून गेलेली आहे. जुनें यंत्र विकत घेण्यापूर्वींच हें पाहून घ्यावें. इमानी विक्रेता नाहीं म्हणणार नाहीं. मंद गति आपोआप वरखालीं होत असेल, किंवा रेस सोडल्यावरहि वेग खालीं येण्यास विलंब लागत असेल, तर ऑइल सील किंवा रबरी जोड यांतून हवा शिरत आहे. हें काम मिस्त्रीचें. तेथें घरगुती प्रयोग नकोत.

इतकें सारें निर्दोष ठरल्यावरच स्क्रूकडे वळावें. तो घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरविला कीं पेट्रोल कमी होतें, उलट फिरविला कीं वाढतें. एका वेळीं फेऱ्याचा आठवा भागच फिरवावा. भार नसतां पूर्ण वेगांत आवाज किंचित् फुटका यावा आणि लांकडाला लावतांच तो स्वच्छ व्हावा, हीच योग्य खूण. मात्र कांहीं नव्या करवतींत वेग मर्यादेपुढें जाऊं नये म्हणून ठिणगीच तोडली जाते. तो फुटका आवाज निराळा, म्हणून शक्य तर फेरे मोजणारें यंत्र लावूनच निश्चय करावा. संगणकानें चालणारा कार्बोरेटर असेल तेथें असा स्क्रूच नसतो.

आणखी एक गोष्ट. करवत दुरुस्त झाली म्हणजे झाड तोडण्याची मुभा मिळाली असें नाहीं. महाराष्ट्रांतील शहरांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणें आपल्या आवारांतील झाडालाहि परवानगीवांचून हात लावतां येत नाहीं. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचें स्थानहि दिलें आहे. रस्त्यावर पडलेलें झाड अग्निशामक दलावरच सोंपवावें. पण मृगाआधीं आपल्या वाडींतली करवत बाहेर काढाल, तेव्हां ताजें पेट्रोल, स्वच्छ फिल्टर, मोकळी जाळी आणि प्लगची साक्ष हा क्रम सोडूं नका. पेचकस तोंवर पेटींतच असूं द्या.