शाळेतलं परिपत्रक बायकांनी का वाचावं?

(शाळा व्यवस्थापन समित्यांवरील महिला सदस्य आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मला दिलेला विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजणींनी एकमेकींकडे बघितलं, ते माझ्या लक्षात आलं. 'मुख्याध्यापकांना येणाऱ्या सूचना आणि परिपत्रकं' हा काय स्त्री-संघटनेत बोलायचा विषय झाला? मारहाण, पोटगी, दारू यांवर आपण रात्र-रात्र बोलतो. परिपत्रक म्हटलं की जांभई येते.

पण मी ज्या तालुक्यात काम करते, तिथल्या आमच्या सल्ला केंद्रात बायका काय सांगतात ते ऐका. 'पोरीला शाळेत घेत नाहीत, आधीच्या शाळेचा दाखला आणा म्हणतात.' 'बापाची सही पाहिजे म्हणतात.' 'पोरगी शाळेत जायला घाबरते, काय झालं ते सांगत नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, वाच्यता करू नका, शाळेचं नाव खराब होईल.' यातल्या बहुतेक प्रश्नांवर मुख्याध्यापकांनी काय करायचं हे कायद्यात नाहीतर शासनाच्या कागदात लिहिलेलं आहे. कागद कपाटात असतो आणि बाई दाराबाहेर उभी असते. म्हणून हा विषय आपला आहे.

आधी हा कागद कसा प्रवास करतो ते पाहू. मंत्रालयातून निघतो, संचालकांकडे येतो, तिथून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग गटशिक्षणाधिकारी, मग केंद्रप्रमुख आणि शेवटी मुख्याध्यापक. पूर्वी याला आठवडे लागायचे. आता मोबाईलवर सगळं घटकाभरात पोचतं. पण पोचतं ते मुख्याध्यापकांपर्यंत. तिथून पुढे पालकांपर्यंत यायला रस्ताच नाही.

मुख्याध्यापकांच्या बाजूनेही बघायला हवं. शिक्षणहक्क कायद्याच्या हिशेबाने प्राथमिक शाळेत १५० च्या वर मुलं असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापकाचं पद. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत पट वीस-तीस. म्हणजे वर्ग शिकवणारी एखादी बाईच 'प्रभारी' असते. ती फळ्यावर बेरीज लिहीत असताना मोबाईल वाजतो, 'माहिती आजच सादर करावी.' पोषण आहाराची नोंद, पटाची नोंद, ऑनलाईन माहिती, निवडणुकीचं काम. त्या गर्दीत मुलींच्या सुरक्षिततेचं परिपत्रक येतं आणि तेही इतरांसारखंच 'पूर्तता केली' म्हणून निकालात निघतं. तेव्हा आपण शाळेत जायचं ते भांडायला म्हणून नाही. त्या बाईंनाही सोबत हवी असते, असा माझा अनुभव आहे.

आता कागद ओळखायला शिकू. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला हे शिकवलं, पण त्याला पदवी लागत नाही. सगळ्यात वर कायदा. त्याखाली नियम. त्याखाली शासन निर्णय, ज्याला आपण जीआर म्हणतो. त्याखाली परिपत्रक. आणि सगळ्यात खाली, 'वरून तोंडी सांगितलंय.' खालचा कागद वरच्या कागदाने दिलेला हक्क काढून घेऊ शकत नाही. तोंडी आदेश तर कागदच नाही. कुणी म्हणालं 'असा नियमच आहे', तर शांतपणे म्हणायचं, 'दाखवा ना, तारीख आणि क्रमांक लिहून घेते.' एवढ्या एका वाक्याने निम्मे नियम नाहीसे होतात.

पहिला प्रश्न दाखल्याचा. नवऱ्याने टाकलेली किंवा मार खाऊन माहेरी आलेली बाई मुलं घेऊन येते. सासरच्या गावची शाळा दाखला देत नाही, कारण तिथे सासऱ्याची ओळख असते. इकडची शाळा दाखल्याशिवाय घेत नाही. पोरीचं वर्ष जातं, आणि असं एक वर्ष गेलं की पुष्कळदा शाळाच जाते. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठीचा शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम ५ म्हणतं की सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना दाखला यायला उशीर झाला, या कारणाने प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. आणि दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १४ म्हणतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

आणि बापाची सही? याच कायद्यात पालक या शब्दाची व्याख्या आहे. त्यात आई किंवा वडील असं आहे. सख्खे, सावत्र, दत्तक सगळे धरून. आई हीसुद्धा पूर्ण पालक आहे. मुलांचं नैसर्गिक पालकत्व आईकडेही असू शकतं, त्यासाठी बाप मेलेला असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगितलं. पंचवीस वर्षं उलटून गेली, तरी शाळेच्या खिडकीवर अजून बापच विचारतात. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ठरवलं की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव लिहायचं. ही मुलं पहिलीत येतील ती २०३० च्या सुमाराला. तोवर आईचं नाव फॉर्मवर आलं आणि आईची सही मात्र चालत नाही, असं होऊ द्यायचं नाही.

दुसरा प्रश्न तुमचा स्वतःचा, शाळा व्यवस्थापन समितीचा. कायद्याचं कलम २१. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. वंचित आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अध्यक्ष पालकांतून, सचिव मुख्याध्यापक. समितीचं काम शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवण्याचं, शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचं, आलेलं अनुदान कुठे खर्च झालं हे बघण्याचं. खाजगी अनुदानित शाळांत समितीला फक्त सल्ल्याचा अधिकार आहे, हेही माहीत असू द्या.

कागदावर हे फार चांगलं आहे. गावात काय होतं? एका गावात मी समितीतल्या बाईंना विचारलं, 'शेवटची सभा कधी झाली?' त्या म्हणाल्या, 'सभेचं काय माहीत नाही, ताई. शिपाई वही घेऊन येतो, मी भाकरी करता करता सही करते.' त्या वहीत त्यांच्या सहीच्या वर काय लिहिलं होतं? स्वच्छतागृहाची दुरुस्ती झाली. आणि त्यांची स्वतःची मुलगी त्याच शाळेत सकाळपासून पाणी पीत नव्हती, कारण स्वच्छतागृहाला कडी नव्हती. आपल्या सहीने आपल्याच लेकीचा त्रास मिटल्याची नोंद होते, म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगते: वाचल्याशिवाय सही नाही. वाचता येत नसेल तर शेजारणीच्या सातवीतल्या मुलीकडून वाचून घ्या. सभा अशा वेळेला ठेवायला सांगा की रोजावर जाणाऱ्या बायकांना येता येईल. दुपारी बाराची सभा म्हणजे बायकांनी येऊ नये याची सोय.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला एका शाळेत अगदी लहान दोन मुलींवर शाळेतल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचं उघड झालं. गुन्हा नोंदवून घ्यायला पालकांना तासन् तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वेमार्गावर उतरले. वेळेवर कळवलं नाही म्हणून शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा दाखल झाला. लगेच शासनाने शाळांना सूचना काढल्या: सीसीटीव्ही लावा, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा, सखी सावित्री समिती नेमा. यातली सखी सावित्री समिती काही नवी नव्हती. मार्च २०२२ मध्येच तिचा शासन निर्णय निघाला होता. अडीच वर्षं आधी निघालेला कागद उघडायला एवढं आक्रीत घडावं लागलं.

तेव्हा घरी गेल्यावर शाळेत जाऊन एवढं विचारा. सखी सावित्री समितीत कोण आहे? त्यांना स्वतःला ते माहीत आहे का? तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे, आणि ती कुणासमोर उघडतात? पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्यांच्या नजरेसमोर असेल तर एकही चिठ्ठी पडणार नाही. ती मुलींच्या येण्याजाण्याच्या वाटेवर हवी.

आणि हे पाठ करून ठेवा. बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं ज्याला कळेल, त्याने ते पोलिसांना कळवलंच पाहिजे. आधी शाळेने चौकशी करायची, मग संस्थाचालकांना विचारायचं, मग ठरवायचं, असं कायद्यात कुठेही नाही. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर कलम २१ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल तिथे, शक्य तोवर महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. रात्री तिला पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. तिचं नाव, तिची शाळा, तिची ओळख कुठेही उघड करायची नाही. हे आपल्या मोर्चाच्या फलकांनाही लागू आहे, बरं का. बालकांसाठीचा फोन १०९८. तो वर्गाच्या भिंतीवर लिहिलेला आहे का, ते बघा.

अध्यक्ष बाई, मुख्याध्यापक बाई झाल्या की आपलं काम झालं, असं कुणी समजू नये. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींचे कपडे काढून त्यांची तपासणी केली गेली. अटक झालेल्यांत त्या शाळेची मुख्याध्यापिका होती. पाळी ही लाज वाटायची गोष्ट आहे, हे त्या बाईंनाही लहानपणी कुणीतरी शिकवलेलं असणार. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारहाण करायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी आहे. पण पाळीबद्दल शिक्षक-शिक्षिकांशी बोलणं, कचऱ्याची बंद बादली, पाणी, कडी, हे आपल्यालाच समितीच्या विषयपत्रिकेवर आणावं लागेल.

एक विसरला जाणारा गट आहे. शाळेत काम करणाऱ्या बायका: शिक्षिका, सेविका, पोषण आहार शिजवणाऱ्या आमच्या मावश्या. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा त्यांनाही आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची प्रमुख बाईच. दोन शिक्षकी शाळेत अशी समिती होणार नाही. तिथल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, आणि तालुक्याला तक्रार स्वीकारणारा एक अधिकारी नेमलेला असला पाहिजे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची. आपल्या तालुक्यात हा अधिकारी कोण, हे या सभागृहात किती जणींना माहीत आहे? हात वर करा. बघा, एकही नाही. मग आजच्या ठरावात पहिलं काम हेच लिहू.

दुसरं काम: प्रत्येक संघटनेने एक फाईल करायची. शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात. आपल्या मुली मोबाईलवर ते शोधून देतील. शाळा माहिती देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर मागा. तिसरं: समितीच्या प्रत्येक सभेत पहिली दहा मिनिटं 'या महिन्यात आलेले कागद' हा विषय ठेवायचा. मुख्याध्यापकांनी तो कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. आमच्या दोन गावांत हे सुरू झालं आहे. पहिल्या सभेत सर वैतागले. तिसऱ्या सभेत तेच म्हणाले, 'बरं झालं, आता पाण्याच्या टाकीसाठी मला एकट्याला पंचायत समितीत खेटे घालायला नकोत.' पुढच्या खेपेला समितीतल्या पाच बायका त्यांच्याबरोबर गेल्या.

चौथं आणि शेवटचं. कुणी मुलगी बोलली तर आधी तिचं ऐकायचं, 'कुणाला सांगू नको' हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, आणि त्याच दिवशी कळवायचं. त्यासाठी परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही. कायदा आधीच आलेला आहे.

आता चहा घेऊ. नंतर गटांत बसून आपापल्या शाळेची यादी करू: कोणती समिती आहे, कोणती फक्त वहीत आहे. वही आणली नसेल तिला कागद मिळेल.