चिठ्ठीची लस

मंडळी, पिंपरीच्या संत तुकाराम नगरात यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे. तिथं रोगी घेऊन आलेले लोक हल्ली विचारतात, "कॅन्सरवर लस निघाली म्हणे, खरं का?"

नीट ऐका. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाचे राखणदार. कॅन्सरची पेशी मोठी लबाड. 'मी घरचीच' अशी खूण ती दाखवते, अन् राखणदार गप्प बसतो. ती खूण झाकणारी औषधं आता आहेत. पण राखणदारच पेंगत असला, तर खूण झाकून काय उपयोग?

त्याला जागं करायला एमआरएनए लस कामी येईल का, हा प्रश्न आहे. ही लस म्हणजे एक चिठ्ठीच समजा. चिठ्ठीत सांगितलेला परका पदार्थ आपल्याच पेशी तयार करतात. तो बघून राखणदार खडबडून उठतात. चिठ्ठी मग विरून जाते. कोरोनावरची अशी लस इथून जवळच, हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीनं केली. 2022 साली तिला परवानगी मिळाली.

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रोग्यांचे जुने कागद तपासले. सगळे हेच खूण झाकणारं औषध घेणारे. औषध सुरू होण्याच्या आगेमागे शंभर दिवसांत ज्यांनी कोरोनाची एमआरएनए लस घेतली होती, त्यांतले निम्मे 37 महिन्यांपुढे जगले. न घेतलेल्यांतले निम्मे 21 महिन्यांच्या आतच गेले. हे 2025 साली छापून आलं.

मग टोचा की, असं कुणी म्हणेल. थांबा! लस घेणारे मुळातच धडधाकट असले तर? म्हणून नाणं उडवून रोग्यांचे दोन गट करायचे, एकालाच लस द्यायची, अन् बघायचं. ही परीक्षा अजून पुरी व्हायची आहे. तोवर चालू उपचार सोडून लसीची वाट बघू नका. तेवढ्यात गाठ वाढते.