थकलेल्या लेखकाची पहिली कविता



१९१३ साली एडवर्ड थॉमस हा इंग्रज लेखक पस्तीस वर्षांचा होता आणि लिहून लिहून पार थकला होता. घरात पत्नी हेलन, तीन मुलं आणि मिळकतीला आधार फक्त लेखणीचा. वर्तमानपत्रांसाठी परीक्षणं, प्रकाशकांसाठी चरित्रं आणि प्रवासवर्णनं, सगळं ठरल्या मुदतीत. नैराश्य तरुणपणापासून पाठीस लागलेलं. या रगाड्यात ते अधिकच छळू लागलं. कवितासंग्रहांचा परीक्षक म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं, पण स्वतः तो कवितेपासून दूरच राहिला होता.

त्याच ऑक्टोबरमध्ये लंडनला अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टशी त्याची गाठ पडली. १९१४च्या उन्हाळ्यात ग्लॉस्टरशरमधल्या डायमॉक गावाच्या आसपास दोघे मैलोन्‌मैल भटकले. थॉमसचं ‘इन पर्सूट ऑफ स्प्रिंग’ हे प्रवासवर्णन नुकतंच आलं होतं. फ्रॉस्टने त्यातल्या परिच्छेदांवर बोट ठेवून सुचवलं, की ही कविताच आहे. हीच लय ठेवून ती ओळींत मांडून पाहा.

दमलेल्या माणसाला झेपेल असाच हा सल्ला होता. नवा विषय शोधायचा नव्हता, भाषा सजवायची नव्हती. वह्या भरलेल्या होत्याच.

नोव्हेंबरमध्ये थॉमसने ‘द व्हाइट हॉर्स’ नावाचं एक गद्य टिपण लिहिलं. त्यातूनच ३ डिसेंबर १९१४ला ‘अप इन द विंड’ ही कविता उतरली. त्याचं वय होतं ३६. पुढच्या चार दिवसांत आणखी चार कविता झाल्या. जानेवारीत घोटा मुरगळून तो घरी अडकला, तेव्हाही लेखणी थांबली नाही. आधीच्या जूनमध्ये आगगाडी ॲडलस्ट्रॉप स्टेशनात थबकली असताना त्याने वहीत काही नोंदी केल्या होत्या. त्यांची कविता याच दिवसांत झाली.

पोटापाण्याचं लिखाण काही सुटलं नव्हतं. ड्यूक ऑफ मार्लबरोचं चरित्र त्याने याच काळात हातावेगळं केलं. समीक्षक म्हणून असलेल्या नावाचा आधार कवितांना नको, म्हणून त्या ‘एडवर्ड ईस्टअवे’ या टोपणनावाने संपादकांकडे जात. अनेक साभार परत आल्या. तो लिहीत राहिला.

पहिलं महायुद्ध सुरू होतं. जुलै १९१५मध्ये तो सैन्यात भरती झाला. पहिल्या कवितेपासून सुमारे दोन वर्षांत त्याच्या १४०हून अधिक कविता झाल्या. ९ एप्रिल १९१७ला फ्रान्समध्ये, आरासच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी तो मारला गेला. रणभूमीवरची त्याची रोजनिशी आज उपलब्ध आहे. तिच्या शेवटच्या पानांवर, कवितेसाठी टिपून ठेवाव्यात तशा, काही सुट्या ओळी आहेत.