मोगऱ्याचा ताण



संपावर आणि बोनसवर बोलणाऱ्या माणसाला आपण आज फुलांवर बोलायला उभे केले आहे. शाळा आम्ही चौथीतच सोडली. तेव्हा जे सांगू ते थोडे वाचून आणि बरेचसे चुकून शिकलेले आहे.

खामगावात जिनिंगचा हंगाम सरला की मजूर बायांचा रोज बंद होतो. त्या रिकाम्या महिन्यांसाठी आमच्या वस्तीतल्या काहीजणींनी मोगरा लावला. गजरे विकून तेलामिठाची तरी सोय व्हावी, एवढीच अपेक्षा. दोन उन्हाळे गेले, ओंजळभर कळ्या निघेनात. झाडे मात्र हिरवीगार! रोज पाणी घाला, युरिया टाका, असा सल्ला आम्हीच दिला होता.

जळगाव-जामोदकडचे एक संत्रा बागायतदार आले, झाडे पाहून हसले. म्हणाले, "भाऊ, याले ताण देल्ला का कधी?"

संत्र्याचा आंबिया बहार धरताना पाणी तोडतात, हे आम्ही जन्मभर पाहिलेले. मोगऱ्याशी त्याची सांगड घातली नाही. नोव्हेंबरअखेर पाणी बंद करायचे, पाने पिवळी पडून गळू द्यायची. काळ्या जमिनीत ओल मुरून राहते, म्हणून तिथे ताण जास्त दिवस. मुरमाड जमिनीत थोडक्यात भागते. मग जानेवारीत जमिनीपासून दीड फुटावर छाटणी.

छाटणी! या शब्दाने आमच्या अंगावर काटाच येतो. कारखान्याच्या फाटकावर याच नावाची नोटीस लागते. पण मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवरच येतात, आणि छाटल्यावर त्याला कुजलेले शेणखत नि पाणी पोटभर द्यावे लागते. नोटीस लावणारे हा उत्तरार्ध विसरतात. युरिया तेवढा जपून. नत्र अधिक झाले की झाड पानांतच रमते. आणि सावलीत मोगरा लावून फुलांची वाट पाहू नये.

पुढच्या चैत्रात बाया टोपल्या घेऊन बाजारात बसल्या.

शेवंतीची तऱ्हा निराळी. रात्री लांबू लागल्या की ती कळी धरते. दिवसरात्रीच्या लांबीचा हा परिणाम गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडला. आमच्या कचेरीपुढची शेवंती फुलली, पण रस्त्याच्या दिव्याखालची ओळ कोरीच राहिली. दिव्याने तिची रात्रच होत नव्हती. मग रोज दिवेलागणीला त्या बाजूने तरट टांगू लागलो. टांगायला हवे होते सप्टेंबरात, आम्ही टांगले दिवाळीला. ती ओळ उशिरा, पण फुलली.